म्हातारपणचा विसर आणि तालुक्याचा कारभार

खेड्यातलं म्हातारपण डोक्याला चांगलं, अशी आपली पक्की समजूत आहे. मोकळी हवा, रानात जाणं-येणं, ताजी भाजी-भाकरी, अवतीभवती नातवंडं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दिवसभर टीव्हीसमोर बसणाऱ्या आजोबांपेक्षा बारामती तालुक्यातल्या काटेवाडीत किंवा इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीत रोज मळ्यात फेरी मारणारे आजोबा जास्त तल्लख राहतील, असं कुणीही सांगेल. पण देशभरातल्या ज्येष्ठांची स्मरणशक्ती आणि आकलन तपासून जे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, ते याच्या उलट आहेत. ‘लासी-डॅड’ नावाच्या या पाहणीच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आहे.

वय तर दोन्हीकडे सारखंच वाढतं. मग खेड्यातल्या आजीच्या मेंदूला असं काय मिळालं नाही, जे शहरातल्या आजोबांना मिळालं? या प्रश्नाचा माग काढत गेलं की डिमेन्शिया हा एकट्या मेंदूच्या डॉक्टरांचा विषय उरत नाही. शाळा, रस्ता, चूल, मीठ, साखर कारखाना, उपकेंद्रातला गोळ्यांचा साठा हे सगळे त्यात येतात.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांपुरता हिशोब करून पाहू. २०११ च्या जनगणनेत दोन्हींची मिळून लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास होती. राज्यात तेव्हा दर शंभरातले जवळपास दहा जण साठीपुढचे होते. देशाची सरासरी लावली तर या दोन तालुक्यांत सहा हजारांच्या आसपास डिमेन्शियाग्रस्त माणसं निघतात. ही मोजदाद नव्हे, ढोबळ अंदाज आहे. आणि तेव्हापासून म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढलीच आहे. यातल्या पुष्कळ घरांत या प्रकाराला आजार म्हणतच नाहीत. ‘वय झालं आता’ एवढ्यावर विषय मिटतो.

आजार दिसतो सत्तरीत, सुरू होतो कधी?

डिमेन्शिया हे एका रोगाचं नाव नाही. विचार करणं, आठवणं, बोलणं, वाट ओळखणं, रोजची कामं करणं या क्षमता एकेक करून ढासळत जातात आणि माणूस दुसऱ्यावर अवलंबून राहू लागतो, त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. ती आणणारी कारणं अनेक आहेत. सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे अल्झायमर. त्यात मेंदूच्या पेशींभोवती आणि पेशींच्या आत विशिष्ट प्रथिनं साचत जातात. दुसरं मोठं कारण म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होणं. म्हाताऱ्या माणसांत बहुतेक वेळा ही दोन्ही कारणं एकत्रच नांदतात.

प्रथिनं साचायला सुरुवात होते ती पहिलं लक्षण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी. रक्तवाहिन्यांचं तर त्याहून आधी सुरू होतं. आजी सत्तरीत घरचा रस्ता चुकली, तर बिघाडाची सुरुवात ती पन्नाशीत खुरपायला जात होती तेव्हाच झालेली असते.

रक्तवाहिन्यांचं कसं बिघडतं, हे इंदापूरच्या डाळिंबवाल्याला समजावून सांगावं लागणार नाही. ठिबकवर लावलेली बाग डोळ्यांसमोर आणा. पंपापासून मुख्य पाइप, त्यातून लॅटरल, लॅटरलला ड्रिपर. पंपाचं प्रेशर प्रमाणाबाहेर गेलं तर जोड सुटतात, नळी फुटते. पाण्यातले क्षार साचले तर ड्रिपर बुजतात. पंपाजवळची झाडं बरेच दिवस हिरवी दिसतात; पिवळी पडतात ती लॅटरलच्या शेवटच्या टोकाची. मेंदूतही तसंच होतं. त्याच्या आतल्या भागात पोचणाऱ्या रक्तवाहिन्या केसासारख्या बारीक आणि लांब असतात, आणि त्यांच्या टोकाला रक्त आणून देणारी दुसरी वाट नसते. वाढलेला रक्तदाब त्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षं आदळतो, भिंती जाड आणि ताठ होतात. वाढलेली साखर आणि कोलेस्टेरॉल त्यांना आतून अरुंद करतात. टोकाकडचा भाग उपाशी राहायला लागतो आणि वरून काहीच दिसत नाही. शहाणा बागाईतदार एकेक ड्रिपर साफ करत बसत नाही. तो पंपाशी जातो, फिल्टर धुतो, प्रेशर गेज बघतो. या लेखाचा विषय आहे तो असा पंपाशी करायचा इलाज.

चौकट: नुसता विसराळूपणा की आणखी काही?

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं आणि थोड्या वेळाने आठवणं, हे वयानुसार होतं. पण चष्मा कशासाठी असतो ते न उमगणं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, पैशांचे साधे व्यवहार न जमणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, माणसाचा स्वभावच बदलणं, हे दिसलं तर डॉक्टरांना दाखवावं. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य आणि काही औषधं यांमुळेही डिमेन्शियासारखी लक्षणं दिसतात, आणि त्यांवर उपचार आहेत. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ उडाला तर तो डिमेन्शिया नसून जंतुसंसर्गासारखं तातडीचं कारण असू शकतं; लगेच दवाखाना गाठावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा देशव्यापी मदत क्रमांक आहे.

शाळेत न गेलेल्या मुली आज आज्या झाल्या आहेत

खेड्यातल्या आजीला काय मिळालं नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा वाटा एका शब्दात सांगता येतो: शाळा.

१९५१ च्या जनगणनेत देशातल्या दर शंभर स्त्रियांपैकी नऊसुद्धा साक्षर नव्हत्या. आज पंचाहत्तरीच्या आसपास असलेल्या आज्या त्या सुमाराला जन्मल्या. भाऊ शाळेत गेला आणि बहीण धाकट्याला कडेवर घेऊन रानात गेली, हे त्या काळी घरोघर होतं. त्याची किंमत तिच्या मेंदूने साठ-सत्तर वर्षांनी मोजली.

याचा अर्थ शाळेत न गेलेली बाई कमी हुशार असते असा मुळीच नाही. लहानपणी आणि तरुणपणी वाचणं, लिहिणं, हिशोब करणं, नवं शिकणं यांतून मेंदूतल्या पेशींची एकमेकींशी जोडणी दाट होते. पुढे आजाराने काही जोडण्या तोडल्या तरी काम दुसऱ्या वाटेने चालू राहतं. याला संशोधक राखीव क्षमता म्हणतात. शवविच्छेदनात असे मेंदू आढळले आहेत, ज्यांत अल्झायमरची प्रथिनं भरपूर साचली होती, आणि तरीही तो माणूस शेवटपर्यंत व्यवस्थित वागत-बोलत होता. आजार होता, पण तो झेलायला पुरेशी ताकदही होती.

म्हणून मला साखरशाळेचा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या हंगामी शाळेचा, प्रश्न डिमेन्शियाचाही प्रश्न वाटतो. दर हंगामात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या या दोन तालुक्यांत उतरतात. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यापासून माळेगाव, सोमेश्वरपर्यंतच्या गाळपाच्या काळात त्यांची मुलं कोपीवर राहतात. दिवाळीनंतर सुटलेली शाळा उन्हाळ्यापर्यंत सुटलेलीच राहते. साखरशाळा आणि गावाकडची हंगामी वसतिगृहं हे त्यावरचे उपाय कागदावर जुने आहेत. ते पूर्ण ताकदीने चालले पाहिजेत, कारण आज कोपीवर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीचं सत्तरावं वर्ष २०८५ च्या आसपास येणार आहे, आणि तेव्हाच्या तिच्या स्मरणशक्तीचा पाया आत्ता घातला जातोय.

मोठ्या वयात शिकून उपयोग होतो का? लहानपणच्या शाळेइतका खात्रीचा पुरावा त्याबाबत नाही. पण डोक्याला काम, बाहेर पडायला कारण आणि भोवती माणसं या तिन्ही गोष्टी त्यातून मिळतात. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिलादिनी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन सत्तरीच्या आज्या पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या. बातम्यांमध्ये कौतुक पुष्कळ झालं. तशा शाळा तालुक्या-तालुक्यांत निघायला हव्या होत्या, तेवढं घडलं नाही.

औषध नसताना आजार कमी कसा झाला?

इंग्लंडमध्ये केंब्रिजशायर, न्यूकॅसल आणि नॉटिंगहॅम या भागांत १९९० च्या सुमाराला पासष्टीपुढच्या माणसांची पाहणी झाली. वीसेक वर्षांनी त्याच भागांत, त्याच पद्धतीने ती पुन्हा झाली. पहिल्या वेळचं प्रमाण कायम राहिलं असतं तर दर शंभरातल्या ८.३ जणांना डिमेन्शिया असायला हवा होता. प्रत्यक्षात ६.५ जणांना निघाला. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावी १९७० च्या दशकापासून चाललेल्या नोंदींतही नव्या रुग्णांचं प्रमाण दर दहा वर्षांनी सुमारे वीस टक्क्यांनी घसरत गेलेलं दिसलं. मात्र ही घसरण किमान शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांतच होती, हे विसरून चालणार नाही.

या काळात डिमेन्शिया टाळणारं एकही औषध बाजारात नव्हतं. जे बदललं ते वेगळंच होतं. शिक्षणाची वर्षं वाढली होती, सिगारेट कमी झाली होती, रक्तदाबाचे उपचार सुधारले होते. यातलं काहीही कुणी डिमेन्शियासाठी केलेलं नव्हतं.

फिनलंडची गोष्ट बारामतीच्या दूध उत्पादकांना जवळची वाटेल. पूर्व फिनलंडमधला नॉर्थ करेलिया हा गाईंचा, लोण्याचा मुलूख. आणि तिथले पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने जात होते. १९७२ साली तिथे जिल्हाभराचा कार्यक्रम सुरू झाला. डॉ. पेक्का पुस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त रुग्ण तपासले नाहीत. खाद्यपदार्थ बनवणारे, दूध संघ, दुकानदार, महिला मंडळं, शाळा या सगळ्यांना त्यांनी हाताशी धरलं. चार दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. त्या कार्यक्रमाच्या पाहण्यांत ज्यांचं मध्यमवयात बीपी आणि कोलेस्टेरॉल मोजलं होतं, त्यांतल्या अनेकांना वीसेक वर्षांनी पुन्हा तपासलं गेलं. ज्यांचे हे दोन आकडे मध्यमवयात चढलेले होते, त्यांच्यात पुढे अल्झायमरचा धोका जास्त आढळला. हृदयाला जे अपाय करतं ते मेंदूलाही सोडत नाही, हे अशा अभ्यासांतून पक्कं होत गेलं.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली अशी चौदा कारणं मांडली, ज्यांवर माणसाचा किंवा समाजाचा इलाज चालतो. ऐकू कमी येणं आणि वाईट कोलेस्टेरॉल ही सर्वांत वरची दोन. मग अपुरं शिक्षण आणि एकटेपण. पुढे नैराश्य, डोक्याला मार, हवेचं प्रदूषण. आणि मग धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब, हालचालींचा अभाव, अधू नजर, लठ्ठपणा, अतिमद्यपान. ही सगळी कारणं पूर्णपणे नाहीशी झाली तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल. भारतापुरता असाच हिशोब २०१९ साली नऊ कारणं धरून झाला होता. तो ४१ टक्क्यांवर आला. कारणं पूर्ण नाहीशी होत नसतात, त्यामुळे हा आकडा वरची मर्यादा दाखवतो. त्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत पोचलो तरी हजारो घरांचं म्हातारपण बदलेल.

थोडा धोका, पुष्कळ माणसं

इथे एक अडचण येते. ‘मीठ कमी करा, रोज चाला, कोडी सोडवा’ हा सल्ला आपण रोज वाचतो. तो खोटा नाही. पण तो पाळतो कोण? ज्याच्याकडे वेळ, पैसा आणि माहिती आहे तो. सकाळी सहाला गोठा, नऊला खुरपणी, संध्याकाळी चूल असं ज्या बाईचं आयुष्य आहे, तिच्यापर्यंत सल्ला पोचतो आणि तिथेच थांबतो.

लंडनमधले साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ साली या अडचणीचं मूळ दाखवलं. समजण्यासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. तिथे शंभर जणांचं बीपी फारच चढलेलं आहे आणि त्यांच्यातल्या दर पाचांपैकी एकाला पुढे डिमेन्शिया होणार आहे. झाली वीस माणसं. त्याच गावात दोन हजार जणांचं बीपी थोडंसंच वर आहे, त्यांच्यातल्या दर वीसांपैकी एकालाच आजार होणार आहे. ती झाली शंभर माणसं. जास्त धोका असलेल्या मूठभरांपेक्षा थोडा धोका असलेल्या गर्दीतूनच जास्त रुग्ण निघतात. म्हणून डॉक्टरांनी फक्त जास्त बीपीवाले शोधून उपचार केले, तर शंभरांना हातही लागत नाही. सगळ्या गावाचं बीपी दोन-चार अंकांनी खाली आणलं, तर प्रत्येकाला वैयक्तिक फायदा नगण्य वाटतो, पण गावाचा फायदा मोठा होतो. आणि सगळ्या गावाचं बीपी सल्ल्याने खाली येत नाही. त्यासाठी दुकानातलं मीठ, शाळेतला आहार, दवाखान्यातली गोळी आणि चालायचा रस्ता बदलावा लागतो. यालाच सार्वजनिक आरोग्य धोरण म्हणतात.

नीरेपलीकडचा धडा

बारामतीहून फलटणकडे निघालात की नीरा नदी ओलांडताच सातारा जिल्हा लागतो. उच्च रक्तदाब आटोक्यात आणण्याचा केंद्र सरकारचा विशेष उपक्रम सुरुवातीला महाराष्ट्रात ज्या चार जिल्ह्यांत राबवला गेला, त्यांत भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि सातारा होते. त्याची रचना मुद्दाम साधी ठेवली होती. सगळ्यांना ठरावीक क्रमाने ठरावीक दोन-तीन औषधं. आरोग्य केंद्रात गोळ्यांचा साठा कधी संपणार नाही याची काळजी. परिचारिका आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे बीपी मोजण्याचं आणि पाठपुराव्याचं काम. घराजवळच्या उपकेंद्रात महिन्याच्या गोळ्या. आणि कोण आलं, कोण आलं नाही याची नोंद. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

एवढ्याने डिमेन्शिया खरंच कमी होतो का, याचं उत्तर चीनने दिलं. तिथल्या ३२६ खेड्यांत सुमारे ३४ हजार माणसांवर चार वर्षं प्रयोग झाला. निम्म्या गावांत स्थानिक आरोग्यकर्मींना प्रशिक्षण देऊन रक्तदाबाचे उपचार त्यांच्याकडे सोपवले. स्वस्त किंवा मोफत गोळ्या, घरी बीपी मोजायचं यंत्र, समजावून सांगणं, आणि वर डॉक्टरांची देखरेख. उरलेल्या गावांत नेहमीचेच उपचार चालू राहिले. २०२५ साली निष्कर्ष आले. पहिल्या गटात डिमेन्शियाचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी होतं. कुठलंही महागडं यंत्र किंवा नवं औषध यात नव्हतं.

आपल्याकडे या कामाची माणसं आहेत. आशाताई तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा तपासणी-अर्ज भरतात, आयुष्मान आरोग्य मंदिरात बीपी-शुगर मोजली जाते. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचं. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. अडचण असते ती पुढच्या टप्प्यावर. एका महिन्याला गोळी मिळते, दुसऱ्या महिन्याला संपलेली असते. ‘एकदा सुरू केली की कायमची मागे लागते’ या भीतीने कुणी ती मधेच सोडून देतं. बीपी दुखत नाही, म्हणून मजुरी बुडवून रांगेत उभं राहावंसं वाटत नाही. यातला प्रत्येक अडथळा व्यवस्थेने दूर करण्याजोगा आहे.

मीठ, तेल आणि शिधापत्रिका

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा मीठ पुरे असं सांगते. आपण भारतीय त्याहून बरंच जास्त खातो. लोणचं, पापड, ठेचा, फरसाण आणि चहाबरोबरची खारी. शिवाय भाकरीच्या पिठातलं आणि कालवणातलं वेगळंच.

चीनच्याच ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार माणसांवर पाच वर्षं आणखी एक प्रयोग झाला. नेहमीच्या मिठाऐवजी ज्यात चौथा हिस्सा पोटॅशियमचा क्षार आहे असं मीठ दिलं. चव जवळपास तीच राहिली. पक्षाघाताचे झटके १४ टक्क्यांनी कमी झाले. पक्षाघात हा डिमेन्शियाकडे नेणारा मोठा रस्ता आहे, त्यामुळे हा आकडा आपल्या विषयातलाच आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि पोटॅशियम वाढवणारी औषधं घेणाऱ्यांनी असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नसतं, ही खबरदारी हवीच.

रेशन दुकान प्रत्येक वाडी-वस्तीपर्यंत पोचतं, हे २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ वाटला तेव्हा दिसलं. त्या पिशवीत रवा, हरभराडाळ, साखर आणि पामतेल होतं. पामतेल कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या तेलांत मोडतं. सणाला गोडधोड व्हावं हा हेतू चांगलाच होता. पण जी साखळी साखर आणि पामतेल पोचवू शकते ती कमी सोडियमचं मीठ आणि शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेलही पोचवू शकते. एका तालुक्यात, मूत्रपिंडाच्या रुग्णांची आधी यादी करून, वैद्यकीय महाविद्यालयाच्या देखरेखीखाली हे करून पाहायला काय हरकत आहे? असे बदल चालतात याचा दाखला देशातच आहे. कारखान्यात बनणाऱ्या तेल-तुपातल्या घातक ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली. ती पाळण्यासाठी कुठल्याही गृहिणीला काही करावं लागलं नाही.

कान उघडे, डोळे उघडे

कान आणि डिमेन्शिया यांचा संबंध ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. नीट ऐकू येत नसलेल्या माणसाच्या मेंदूची बरीच शक्ती शब्द ओळखण्यात खर्च होते, लक्षात ठेवायला कमी उरते. मेंदूच्या ऐकणाऱ्या भागाला काम मिळत नाही. आणि हळूहळू माणूस बोलण्यातून अंग काढून घेतो. पारावर बसतो, पण गप्पांत नसतो. भजनाला जाणं सोडतो. घरातले ओरडून बोलायला कंटाळतात आणि त्याला वगळूनच बोलायला लागतात.

अमेरिकेत २०२३ साली पूर्ण झालेल्या एका चाचणीत सत्तरीपुढच्या जवळपास हजार माणसांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्रं दिली. एकूण गटात तीन वर्षांत ठळक फरक पडला नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांच्यात बुद्धीची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. डिमेन्शिया टळतोच असं यावरून म्हणता येत नाही. श्रवणयंत्र द्यायला तेवढं कारण मात्र पुरेसं आहे.

केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून २०१७ पासून गरीब ज्येष्ठांना चष्मे, काठ्या, श्रवणयंत्रं मिळतात. बारामती परिसरात श्रवणयंत्रवाटपाची मोठी शिबिरंही झाली आहेत. माझा आग्रह त्यानंतरच्या कामाचा आहे. यंत्र कानात नीट बसलं का, आवाज जुळवला का, सेल संपल्यावर कुठे मिळतो, हे पाहणारं माणूस गावात नसेल तर यंत्र महिन्याभरात ट्रंकेत जातं. शिबिर एका दिवसाचं असतं, कान रोजचे. तालुक्याला एक श्रवणतज्ज्ञ आणि उपकेंद्रात सेल, एवढी तरतूद हवी.

कान बिघडू नयेत यासाठीही काही करता येतं. कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये आणि टर्बाइनपाशी आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या कामगारांना कानाचं संरक्षण देणं ही कायद्याची अपेक्षा आहे. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या पोरांना तर कसलंच संरक्षण नाही. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे.

मोतीबिंदूचंही असंच. अमेरिकेतल्या सुमारे तीन हजार ज्येष्ठांच्या अभ्यासात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांत डिमेन्शियाचा धोका सुमारे तीस टक्क्यांनी कमी दिसला. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९७६ पासून आहे आणि शस्त्रक्रिया मोफत होते. ‘पीक निघू दे, मग बघू’ म्हणत दोन वर्षं जातात, ती जाऊ नयेत.

धूर आणि रस्ता

धुरातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसातून रक्तात आणि रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतात. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या वाट्याला ते सर्वांत जास्त येतात. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर घरात आणला. तो परत भरून घेणं परवडलं पाहिजे. उसाचं पाचट हा या भागाचा खास धूर. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं आणि काडी लावून मोकळं होण्याचा मोह असतो. पाचट कुट्टी करून सरीत ठेवलं तर पाणी वाचतं, जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो, हे बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र शेतकऱ्यांना सांगत आलं आहे. त्या सल्ल्यात मेंदूचं आरोग्यही धरावं, आणि कारखान्यांनी कुट्टी यंत्रं सवलतीत द्यावीत.

रस्त्यावरचा डोक्याचा मारही तसाच. भिगवण-इंदापूरचा महामार्ग आणि हंगामातले विनारिफ्लेक्टर ट्रॉल्यांचे रस्ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहेत. हेल्मेट जीव वाचवतं, तसं पुढच्या तीस वर्षांचं डोकंही वाचवतं.

दोष कुणाचा?

हे सगळं करूनही अनेकांना डिमेन्शिया होईल. वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नाहीत. ज्यांच्या घरी आज असा माणूस आहे त्यांनी ‘आपलं काय चुकलं’ म्हणून स्वतःला बोल लावू नये. सून किंवा लेक नोकरी सोडून चोवीस तास सांभाळत असेल तर तिला आधी मदत हवी. धोका कमी करण्याची जबाबदारी एकट्या कुटुंबावर ढकलणं हा अन्यायच आहे, कारण वर सांगितलेल्या कारणांतली बहुतेक कुटुंबाच्या ताकदीबाहेरची आहेत.

ती कुणाच्या ताकदीत आहेत, तेही उघड आहे. गोळ्यांचा साठा जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग ठरवतो. शाळा शिक्षण विभाग. पाचट आणि ट्रॉल्या कारखान्याचं संचालक मंडळ. विरंगुळा केंद्र, गावातले दिवे, चालायचा रस्ता ग्रामपंचायत. यांतल्या कुणाच्याही वार्षिक आराखड्यात डिमेन्शिया हा शब्द नसला तरी तो कमी-जास्त करण्याचे निर्णय त्यांच्याच टेबलावर होतात.

म्हणून येत्या ग्रामसभेला जा आणि तीन प्रश्न लेखी द्या. गेल्या बारा महिन्यांत आपल्या उपकेंद्रात बीपीच्या गोळ्या किती महिने नव्हत्या? गावातल्या साठीपुढच्या किती माणसांचे कान आणि डोळे तपासले गेले, आणि ज्यांना यंत्र किंवा शस्त्रक्रिया हवी होती त्यांतल्या किती जणांना ती मिळाली? या हंगामात गावाच्या शिवारात उतरलेल्या टोळ्यांमधली किती मुलं शाळेत आहेत? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेत तेच प्रश्न पुन्हा विचारा.